'बघून घे' आणि 'लाइन क्लिअर'

माझे वडील रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नागपूर-इटारसी मार्गावर काटोलच्या पलीकडे एका लहान स्टेशनावर त्यांची काही वर्षं गेली. सुट्टीत आम्ही भावंडं तिथे जाऊन राहायचो. रात्री अर्धवट झोपेत त्यांचं फोनवरचं बोलणं कानावर पडायचं. गाडीचा नंबर, मग 'लाइन क्लिअर', मग दोन आकडे, मग पलीकडच्याने तेच परत म्हटलेलं, मग यांनी 'बरोबर' म्हटलेलं. घरात वडील मोठे गप्पिष्ट. साधा बाजारातून वांगी आणल्याचा प्रसंगही ते अर्धा तास पुरवायचे. त्या फोनवर मात्र त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मला ते तेव्हा फार रुक्ष वाटायचं.

पुढे मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आलो. काही वर्षं पुण्यात काढून नागपुरात परतलो आणि हळूहळू कोड लिहिणाऱ्यांतून कोड लिहून घेणाऱ्यांत गेलो. आठ-दहा जणांची टीम हाताखाली आली. त्या काळातली एका शुक्रवारची संध्याकाळ मी विसरलेलो नाही. घाईत पार्किंगकडे निघालो होतो. जाता जाता टीममधल्या एका हुशार, मेहनती पोराला म्हणालो, "बिलिंगचं ते जुनं टेबल आता लागत नसावं, जरा बघून घे." तो म्हणाला, "हो सर." मी घरी गेलो. मला म्हणायचं होतं की ते टेबल अजून कुठे वापरात आहे का ते तपास. त्याला कळलं की ते काढून टाक. त्याने तेवढंच केलं, तेही शनिवारी सुट्टीच्या दिवशी येऊन, मन लावून. सोमवारी ग्राहकाची बिलं निघेनात. दोन दिवसांनी बॅकअपवरून सगळं जागेवर आलं. पण ग्राहकाबरोबरच्या कॉलवर 'आमच्या टीममध्ये जरा मिसकम्युनिकेशन झालं' असं मी म्हणालो, तेव्हा तो पोरगा माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. मिसकम्युनिकेशन टीममध्ये झालंच नव्हतं. माझं बोलणं धड नव्हतं. ते मी त्या दिवशी कबूल केलं नाही, याची टोचणी अजून आहे.

त्यानंतर बरेच दिवस मी त्या दोन शब्दांचा विचार करत होतो. 'बघून घे' याचा अर्थ नुसतं पहा. पाहून मला सांग. पाहून तूच काय ते ठरव. ठरवून करून टाक. आणि काही बिघडलं तर तूच निस्तर. एवढे सगळे अर्थ त्यात आहेत, आणि 'बघून घेईन' म्हटलं की त्याची धमकीही होते. ऐकणाऱ्याने यातला कोणता अर्थ उचलायचा? सांगणाऱ्याचा चेहरा, घाई, गेल्या वेळी काय झालं होतं, यावरून तो अंदाज बांधतो. अंदाज बरोबर निघाला तर साहेबांचं काम झालं. चुकला तर, 'मी तुला फक्त बघायला सांगितलं होतं.' म्हणजे ही वाक्यरचना अशी आहे की तिच्यात सांगणारा कधीच सापडत नाही. अस्पष्ट बोलण्याला आपण भाषेचा किंवा स्वभावाचा दोष समजतो. माझं मत असं झालं आहे की तांत्रिक कामात ते बहुतेक वेळा जबाबदारी खाली सरकवण्याची सोय असते. अधिकार वर राहतो, धोका खाली जातो. वाईट हेतू लागत नाही त्याला. घाई आणि सवय पुरतात.

यावर आमच्याकडचे लोक लगेच म्हणतील, 'भाऊ, आपण तर रोखठोक बोलणारी माणसं. आपल्याकडे कुठली आडपडद्याची भानगड?' विदर्भाच्या बोलीत खरंच एक मोकळेपणा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण रोखठोक बोलणं आणि स्पष्ट बोलणं या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. रोखठोकपणा आवाजात असतो, स्पष्टपणा मजकुरात असतो. 'काय बे, डोकं वापरत जा ना जरा' हे चांगलंच रोखठोक आहे, पण त्यातून समोरच्याला काय कळलं? कोणती चूक झाली, कुठे झाली, आता काय करायचं, यातलं काहीही नाही. एवढंच कळलं की साहेब तापले आहेत. मग तो पुढच्या वेळी चूक टाळण्यापेक्षा साहेबांना टाळतो. उलट माझे वडील फोनवर कधी आवाज चढवत नसत. हळू बोलत, आदराने बोलत, आणि पलीकडच्याला शंकेला जागा म्हणून ठेवत नसत. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांतल्या सर्वांत स्पष्ट बोलणाऱ्या बाई सर्वांत मऊ बोलणाऱ्या होत्या.

नागपुरात रेल्वे आली १८६७ साली. आज मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदतात. मध्य रेल्वेचाही नागपूर विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही. अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत वाढलेली पोरं इथल्या प्रत्येक आयटी कंपनीत सापडतील. तरी गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहान प्रकल्पात संवादकौशल्याचं प्रशिक्षण ठेवलं की ते शिकवायला बाहेरून कोणीतरी येतो आणि डोळ्यांत पाहून बोला, हसून बोला, असं सांगून जातो. बोलण्यातल्या चुकीने माणसं मरू शकतात, हे गृहीत धरून रचलेली एक अख्खी भाषा शंभराहून अधिक वर्षं या शहराच्या पोटात चालू आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही.

वडील फोनवर जे दोन आकडे सांगायचे त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. स्टेशन मास्तरकडे अशा दोन आकडी नंबरांची छापील पानं असतात. शेजारच्या स्टेशनाला लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायला परवानगी, दिली की पानावरचा पुढचा नंबर सांगायचा, तो खोडायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. पलीकडच्यानेही तो आपल्या रजिस्टरमध्ये लिहायचा. गेटमन फाटक बंद केल्याचं कळवतो तेव्हा तोही असाच नंबर देतो. नंबराला स्वतःचा काही अर्थ नाही, आणि त्याची ताकद त्यातच आहे. 'हो हो, ठीक आहे' हे माणूस झोपेतही म्हणू शकतो. नंबर द्यायचा तर पान उघडावं लागतं, पुढचा आकडा शोधावा लागतो, पेन हातात घ्यावं लागतं. होकार आणि होकार दिल्याची जाणीव या दोन गोष्टी तो एकत्र बांधतो. शिवाय कोणी कोणाला काय सांगितलं हे नंतर कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहत नाही.

याहून मला भावलेली गोष्ट म्हणजे कॉशन ऑर्डर. पुढे कुठे रुळाचं काम चालू असेल, पूल कमकुवत असेल, तर गाडीच्या लोको पायलटला एक कागद देतात. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत, वेग किती, कारण काय, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि तो मिळाल्याची सही घेतात. पण समजा पुढे काहीच अडचण नाही. मग कागद कशाला, असं तुम्ही-मी म्हणू. रेल्वे तसं म्हणत नाही. तेव्हाही एक कागद देतात, त्याचं नाव 'निल कॉशन ऑर्डर'. पुढे कोणतंही बंधन नाही, असं लिहिलेला कागद. कारण कागद मिळाला नाही तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर बंधन नाही, किंवा बंधन आहे पण कागद द्यायचा राहिला. इंजिनात बसलेल्या माणसाला या दोहोंतला फरक कळायला मार्ग नाही.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त अनर्थ या दुसऱ्या अर्थाने होतात. 'काही बोलला नाही म्हणजे चालू असेल.' 'मेल आला नाही म्हणजे मान्य असेल.' गुरुवारी रात्री कोणी ग्रुपवर विचारतं, उद्या रिलीज करायला हरकत नाही ना? नऊ जणांच्या टीममध्ये दोन अंगठे उमटतात, बाकी सात गप्प. त्या सात जणांतला एक जण लग्नाला गेलेला, एकाने वाचलंच नाही, आणि एकाच्या मनात शंका आहे पण बाकी कोणी बोलत नाही म्हणून तोही बोलत नाही. मॅनेजर मौनाला होकार समजतो. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्सने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात साधं गणित मांडलं होतं. पाच माणसांत आपसात बोलण्याच्या दहा वाटा असतात, दहा माणसांत पंचेचाळीस. त्यातली प्रत्येक वाट अशी मुकी राहिली तर काय होईल ते सांगायला नको. मी आता नावं घेऊन विचारतो आणि 'हरकत नाही' हेही शब्दांत मागतो. सुरुवातीला पोरांना ते शाळेतल्या हजेरीसारखं वाटलं. आता सवय झाली आहे.

वडिलांच्या फोनवरचं ते परत म्हणणं इंजिनातही असतं. लोको पायलट आणि त्याचा सहायक समोरचा सिग्नल मोठ्याने उच्चारतात, एकाने म्हटलेलं दुसरा म्हणतो. दोघांनाही तोच सिग्नल दिसतो आहे, तरी. विमानवाहतुकीतही वैमानिकाने उंचीची सूचना परत म्हणून दाखवायची असते. नागपूरच्या आकाशातून देशाच्या चारी दिशांची विमानं जातात आणि इथल्या नियंत्रण कक्षात हाच पाठ दिवसरात्र चालतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. एकाला चौदा हजार फुटांची मर्यादा होती, दुसऱ्याला पंधरा हजारांची. कझाक विमान आपली पंधरा हजारांची उंची सोडून खाली आलं. सूचना रेडिओवरून दिली गेली होती, तिची पोचही आली होती. पण त्या विमानात नियंत्रण कक्षाशी बोलणारा वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे, आणि त्यांना इंग्रजी बेताचीच येत होती. सांगितलं गेलं होतं, पण ज्याच्या हातात दांडा होता त्याच्यापर्यंत ते पोहोचलं नाही. टीम लीडला सांगितलं म्हणजे टीमला सांगितलं, असं मानणाऱ्या प्रत्येक मॅनेजरने या एका गोष्टीचा विचार करावा.

आता एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे. रेल्वेचं काम ठरलेलं असतं, रूळ जागेवर असतात, गाड्यांना नंबर असतात. सॉफ्टवेअरमध्ये महिन्याभराने काय उभं राहील हे बनवणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं. मग त्यात इतकं नेमकं बोलायचं कसं? मी यावर बराच घोळ घालून एका निष्कर्षावर आलो आहे. कॉशन ऑर्डर हा मुळातच अनिश्चिततेचा कागद आहे. रूळ तुटेलच असं तो म्हणत नाही. इथपासून इथपर्यंत आम्हाला भरवसा नाही, हळू जा, एवढंच म्हणतो. आपल्याला काय माहीत नाही, त्याची हद्द तो आखून देतो. मॅनेजरलाही हे करता येतं. 'ग्राहकाने अजून रिपोर्टचा नमुना नक्की केलेला नाही. गुरुवारी त्याच्याशी बोलणं आहे. तोवर रिपोर्टला हात लावू नका, बाकीचं चालू द्या.' यात अज्ञान आहे, पण संदिग्धता नाही. उलट 'रिपोर्टचं जरा सांभाळून करा' म्हणणाऱ्याने आपलं अज्ञान टीमच्या अंगावर टाकलेलं असतं.

रेल्वेच्या भाषेत एक गोष्ट मात्र आमच्या कामाला पुरत नाही. कॉशन ऑर्डरमध्ये कारण असतं, पण ते एका ओळीत. तांत्रिक माणसाला दिवसातून पन्नास लहान निर्णय स्वतः घ्यावे लागतात आणि त्यातले बरेच सांगणाऱ्याने कल्पनाही केलेली नसते अशा जागी. त्यासाठी त्याला सूचनेमागचं सगळं चित्र लागतं. याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना एक पत्र लिहिलं. आपल्यापैकी अनेकांना ते शाळेपासून माहीत आहे, ते रयतेला काडीचाही त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी. मी ते कामाचं पत्र म्हणून पुन्हा वाचलं तेव्हा चकित झालो.

पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवली आहे, ती बेतानेच वापरा, एवढी मूळ सूचना. पण महाराज तिथे थांबत नाहीत. आज सढळ हाताने वापरलीत तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुमची माणसं गावात शिरतील, कोणी कुणब्याचे दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. कुणबी गाव सोडून जातील, आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. पुढे आगीचं. कोणी आगट्या करतील, कोणी भलत्याच जागी चूल मांडतील, कोणी चिलीम ओढायला विस्तव नेतील, वारा-गवत बघणार नाहीत. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, वैरण पेटेल. एकदा सगळं जळालं की मग काही माणसांच्या माना मारल्या तरी पागेचा एक खण बांधायला लाकूडही मिळणार नाही. उंदरापर्यंत! राज्य उभं करणारा माणूस छावणीतल्या उंदराचा विचार करतो आणि तो कागदावर उतरवतो. हे पत्र वाचलेल्या हवालदाराला पत्रात नसलेली अडचण आली तरी काय करायचं ते कळेल, कारण काय वाचवायचं आहे आणि कशापासून, हे त्याला समजलेलं आहे. आणि नंतरच्या शिक्षेने नुकसान भरून येत नाही, हे खुद्द राजाच आधी सांगतो आहे. चूक झाल्यावर दोषी शोधण्यासाठी तासतासभर बैठका घेणाऱ्यांनी हे पत्र भिंतीवर लावावं.

मराठी भाषा संदिग्ध आहे, तांत्रिक कामाला इंग्रजीच हवी, असं म्हणणारे भेटतात. त्या पत्रानंतर ते मला पटत नाही. उलट मराठीत काही सोयी अशा आहेत की ज्या इंग्रजीत नाहीत. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरकच घ्या. 'आम्ही करू' म्हटलं की तू त्यात नाहीस, 'आपण करू' म्हटलं की तूही त्यात आहेस. किती नेमकी भाषा! पण आम्ही तिचा उपयोग उलटा करतो. मीटिंग संपताना मॅनेजर म्हणतो, 'हे आपण या आठवड्यात करून टाकू.' नागपुरी हिंदीच्या वळणाने 'अपन करून टाकू.' खोलीतल्या आठही जणांना वाटतं की आपण म्हणजे उरलेले सात. पुढच्या सोमवारी काम जागेवरच. 'आपण' हा शब्द आपुलकीचा आहे, तो टाकू नये. पण त्याच्या मागे एक नाव आणि एक वार लागलाच पाहिजे.

तसंच आमचं 'करून रायलो'. प्रमाण मराठीत 'करतो आहे', वैदर्भी बोलीत 'करून राहिलो'. काम चालू आहे हे त्यातून फार जिवंतपणे कळतं. पण मॅनेजर विचारतो, काय झालं त्या लॉगिनचं? 'करून रायलो न सर.' किती झालं? 'होऊनच रायलं.' यात पोरगा खोटं बोलत नाही. प्रश्नच असा आहे की त्याला याहून वेगळं उत्तर येऊ नये. 'पासवर्ड बदलण्याचा भाग आज मला चालवून दाखवशील का?' असं विचारलं तर 'होऊनच रायलं' म्हणता येत नाही. मग तो म्हणतो, 'नाही सर, ते ओटीपीपाशी अडलं आहे.' हेच तर ऐकायचं होतं. उत्तर धूसर आलं की मी आता आधी माझा प्रश्न तपासतो.

सरकारी मराठीचं एक वेगळं दुखणं आहे. नागपूर हे हिवाळी अधिवेशनाचं शहर, फायलींचं शहर, आणि त्या फायलींतली 'योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' ही ओळ आमच्या घराघरांत शिरली आहे. योग्य ती म्हणजे कोणती? करण्यात यावी म्हणजे कोणी करावी? कर्ता गायब, कर्म धूसर, क्रियापदाला मुदत नाही. इंग्रजी मेलमधलं 'डू द नीडफुल' हे त्याचंच सख्खं भावंड. गोष्ट बिघडली की आम्ही तर हमखास इंग्रजीत शिरतो, कारण परक्या भाषेत चूक थोडी दूरची वाटते. 'डिले झाला' म्हणणं सोपं, 'मी उशीर केला' म्हणताना जीभ अडते.

हे सगळं वरून खाली येणाऱ्या बोलण्याबद्दल झालं. खालून वर जाणाऱ्या बोलण्याची गोष्ट अधिक अवघड आहे. अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाची दुर्घटना बहुतेकांना माहीत आहे, पण आदल्या रात्रीचा फोन कमी जणांना माहीत असतो. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते युटामधून नासाच्या अधिकाऱ्यांशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी पडणार होती. बूस्टरच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत आखडतात, तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर उड्डाण नको, असं त्यांचं म्हणणं होतं. रॉजर बॉइसजॉली या अभियंत्याने सहा महिने आधी, ३१ जुलै १९८५ ला, माणसं दगावतील असा लेखी इशारा दिला होता. म्हणजे स्पष्ट बोलणारे होते, लेखी बोलणारे होते. नासाच्या बाजूने नाराजी आली. थायोकॉलच्या मंडळींनी फोन थोडा वेळ बंद ठेवून आपसात बोलायचं ठरवलं. त्या वेळात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी प्रमुखाला सुचवलं की आता अभियंत्याची टोपी उतरव आणि व्यवस्थापकाची घाल. सल्ला फिरला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले.

या प्रसंगातून 'अभियंत्यांनी धीटपणे बोलावं' असा धडा सहसा काढतात. मला तो अर्धवट वाटतो. ते बोललेच होते. त्या रात्री प्रश्न बदलला गेला. उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवा, असा एरवीचा प्रश्न. त्या रात्री तो झाला, सुरक्षित नाही हे सिद्ध करा. अपुरी माहिती हाताशी असताना पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'थांबा' येतं, दुसऱ्याचं 'जा'. सिद्ध करण्याचं ओझं एका बाजूचं दुसरीकडे गेलं, इतकंच. आमच्या छोट्या जगात हे रोज होतं. एखादी मुलगी म्हणते, सर, हे उद्या लाइव्ह करू नये असं वाटतं. मी विचारतो, का, नेमकं काय फुटेल? तिला तेवढं नेमकं सांगता येत नाही, ती गप्प होते, आणि मी मनात म्हणतो, बघा, काही ठोस नव्हतं. नेमकेपणा हे हत्यार मी तिच्यावर चालवलं. मॅनेजरने नेमकं बोलावं, पण शंका घेऊन आलेल्याकडून पहिल्याच वाक्यात नेमकेपणा मागू नये. शंका आधी ऐकायची, मग ती नेमकी व्हायला मदत करायची, आणि तोवर गाडी थांबवायची तयारी ठेवायची. हे मला नीट जमतं असं म्हणणार नाही. रिलीजच्या आदल्या रात्री माझ्याही डोक्यावर ती दुसरी टोपी असते.

नागपूरपुरती एक अडचण अजून आहे आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. हे शहर मोठं असलं तरी इथलं आयटीचं जग लहान आहे. टीममधला पोरगा शेजारच्या काकांचा भाचा निघतो, मुलीचे वडील आपल्या वडिलांबरोबर नोकरीला होते असं कळतं, कॉलेज तर सगळ्यांची तीच चार-पाच. संध्याकाळी चहाच्या ठेल्यावर सगळे एकत्र. अशा ठिकाणी 'तुझं हे काम चांगलं झालं नाही' असं सांगणं फार जड जातं. मग वर्षाअखेरीच्या आढाव्यात आपण म्हणतो, 'छान चाललं आहे, थोडी ओनरशिप वाढव.' पोरगा खुश होतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी त्याच्या मागून आलेल्याला बढती मिळते आणि तो तुमच्यासमोर येऊन विचारतो, सर, तुम्ही तर छान म्हणाला होता. एकाला मी असं दोन वर्षं गोड बोललो. खरं हे होतं की त्याचा कोड चालायचा, पण तो चाचण्या लिहीत नव्हता आणि दुसऱ्याने सुचवलेले बदल मनावर घेत नव्हता. ही दोन वाक्यं पहिल्याच वर्षी सांगितली असती तर तो एका संध्याकाळपुरता दुखावला असता. मी त्याची दोन वर्षं घेतली. तो पुण्याला निघून गेला, आणि जाताना माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागला.

साचे, नियम, नंबर यांनी सगळं साधेल असंही मी म्हणत नाही. वडील सांगायचे की गेटमनने फाटक बंद न करताच सवयीने नंबर दिला, तर तो नंबर मुळीच नसल्यापेक्षा वाईट. कारण नंबर नसता तर मास्तर सावध तरी राहिला असता. आमच्याकडेही चेकलिस्टवर खुणा करणारे हात असतात आणि त्या खुणांमागे कोणी काही पाहिलेलं नसतं. म्हणून मी टीममध्ये परत म्हणून दाखवायला सांगतो तेव्हा माझे शब्द जसेच्या तसे नको म्हणतो. तुझ्या शब्दांत सांग, आणि पहिलं पाऊल काय उचलशील ते सांग. चूक तिथेच पकडली जाते, आणि दहातल्या बऱ्याच वेळा ती माझी असते.

वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. कानाला कमी ऐकू येतं, पण दुसऱ्याच्या फोनवरचं बोलणं नेमकं ऐकू येतं. मागच्या महिन्यात रविवारी संध्याकाळी मी घरून काम करत होतो. एका सर्व्हरची दुरुस्ती चालू होती आणि ग्राहकाकडचा माणूस अस्वस्थ होऊन पुन्हा पुन्हा फोन करत होता. मी त्याला म्हणालो, "काळजी करू नका, झालं की लगेच कळवतो," आणि फोन ठेवला.

वडील आरामखुर्चीतून म्हणाले, "आणि नाही झालं तर?"

"म्हणजे?"

"झालं की कळवशील म्हणतोस. नाही झालं तर तो बिचारा रात्रभर काय समजेल?"

मी पुन्हा फोन लावला. म्हटलं, "रात्री दहा वाजता मी तुम्हाला फोन करतो. झालेलं असो की नसो." तो पलीकडून म्हणाला, "दहा वाजता, झालं असो की नसो. बरं." वडिलांनी मान हलवली आणि पेपर परत डोळ्यांसमोर धरला. दहाला मी फोन केला तेव्हा काम झालेलं नव्हतं.